आधी झीरो एरर बघा!

फर्स्ट इयरची गोष्ट. वर्कशॉपचं पहिलंच प्रॅक्टिकल. सरांनी प्रत्येकाच्या हातात एकेक व्हर्नियर कॅलिपर दिला आणि म्हणाले, "काही मोजू नका. नुसते जबडे बंद करा आणि काय रीडिंग येतंय ते सांगा." आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. बंद जबड्यात काय मोजायचं? शून्यच येणार की! पण माझ्या कॅलिपरवर ०.०६ मिलिमीटर आलं. शेजारच्या मित्राच्या कॅलिपरचा शून्य तर उलट्या बाजूला सरकलेला. आम्ही म्हणालो, "सर, हे खराब आहे, दुसरं द्या." सर म्हणाले, "खराब नाही. याला झीरो एरर म्हणतात. थोडाफार सगळ्यांतच असतो. किती आहे आणि कुठल्या बाजूला आहे ते आधी वहीत लिहा, मग मोजा. झीरो एरर न बघता घेतलेलं रीडिंग हे माप नसतं, ते तुमचं मत असतं!"

मित्रांनो, व्हायवाला हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. पण गेली तीन-चार वर्षं घरी गेलो की हे वाक्य आठवतं. कारण आमच्या घरात दोन कॅलिपर आहेत. एक माझे बाबा आणि दुसरे काका!

आमचं गाव परभणीपासून फार लांब नाही. बाबा आणि काका दोघंही कॉलेजात असल्यापासून शिवसैनिक. सभेला जाताना एकाच मोटारसायकलवर, पोस्टर लावायला एकाच शिडीवर. आमच्या मतदारसंघाचं आणि धनुष्यबाणाचं नातं कसं आहे ते तुम्हाला सांगायला नको. इथून शिवसेनेच्या नावावर निवडून गेलेले काही खासदार पुढे पक्ष सोडून गेले, त्यावर पानटपरीवर विनोद व्हायचे, पण मतदार काही हलला नाही. तसेच आमचे बाबा-काका.

मग २०२२ चा जून महिना आला. मी बारावी होऊन सीईटीचा अभ्यास करत होतो. २० जूनला विधान परिषदेची निवडणूक झाली आणि त्या रात्रीपासून टीव्हीवर सुरत, मग गुवाहाटी. एकनाथ शिंदे, सोबत आमदार, हॉटेल, 'काय झाडी, काय डोंगार'... सगळं तुम्हीही बघितलंय. आपल्या परभणीचे खासदार संजय जाधव आणि आमदार राहुल पाटील उद्धव ठाकरेंसोबत राहिले. शेजारच्या हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील शिंदेंसोबत गेले. कळमनुरीचे आमदार संतोष बांगर यांनी ३ जुलैला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ठाकरेंच्या बाजूने मत दिलं आणि ४ जुलैच्या विश्वासदर्शक ठरावाला शिंदेंच्या बाजूने! एका रात्रीत.

आणि आमच्या घरात? बाबा ठाकरेंकडे राहिले, काका शिंदेंकडे गेले. आधी चर्चा, मग वाद, मग आवाज, आणि मग एके दिवशी आवाजही बंद. आमची विहीर सामाईक आहे. मोटारीच्या पाळ्या ठरलेल्या. त्या दिवसापासून निरोप माझ्यामार्फत. "सांग तुझ्या काकाला, पाळी संपली म्हणावं." काका पाच हातांवर उभे असायचे! पुढे चुलत बहिणीचं लग्न झालं. बाबा आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत गेले. ज्या पोरीला त्यांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तिच्या लग्नात न जेवता. आजी त्या दिवशी मांडवातच रडली.

मला राजकारणाबद्दल लिहायचं नाही. कोण गद्दार आणि कोण खुद्दार, हे ठरवायला मी कोण? मला लिहायचंय ते एका वेगळ्याच गोष्टीबद्दल. ती अशी की बाबा आणि काका भांडत होते ते एका कायद्यावरून आणि एका निकालावरून. आणि दोघांनीही ना तो कायदा वाचला होता, ना तो निकाल!

आता हा कायदा काय आहे ते थोडक्यात सांगतो. (आपल्याकडे थोडक्यात म्हणजे दहा मार्कांचं उत्तर, पण मी चार मार्कांत आवरतो.)

१९६७ साली हरियाणात गयालाल नावाचे एक आमदार होते. त्यांनी काही दिवसांत इतक्या वेळा पक्ष बदलला की 'आयाराम गयाराम' हा शब्दच तयार झाला. तेव्हा हे थांबवणारा कायदा नव्हता. आपल्याकडे १९७८ मध्ये शरद पवार बाहेर पडले, वसंतदादा पाटलांचं सरकार गेलं आणि पुलोदचं सरकार आलं, तेव्हाही नव्हता. शेवटी १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि संविधानाला दहावी अनुसूची जोडली गेली. हाच तो पक्षांतरबंदी कायदा. आमदार-खासदाराने स्वतःहून पक्ष सोडला, किंवा पक्षाचा व्हिप मोडून मतदान केलं किंवा गैरहजर राहिला, तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं.

पण यात एक पळवाट होती. एक तृतीयांश आमदार एकदम फुटले तर ती 'फूट' समजली जायची आणि सगळे वाचायचे. म्हणजे एकट्याने केली तर चोरी, टोळीने केली तर माफ! २००३ साली ९१ व्या घटनादुरुस्तीने ही पळवाट बंद केली. राहिली ती फक्त विलीनीकरणाची सोय, आणि त्याला दोन तृतीयांश आमदार लागतात.

आणि हे सगळं ठरवणार कोण? सभागृहाचा अध्यक्ष. तो स्वतः कोणत्या ना कोणत्या पक्षातूनच निवडून आलेला असतो. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने किहोटो होलोहान खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ही व्यवस्था मान्य केली, मात्र अध्यक्षांचा निर्णय कोर्टात तपासता येईल असंही सांगितलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. २०२२ मध्ये सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा गेल्या. राज्यपालांनी बहुमत चाचणी घ्यायला सांगितली. सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली नाही, आणि २९ जूनच्या रात्री उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला. ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेलं आणि ११ मे २०२३ ला एकमताने निकाल आला.

त्या दिवशी मी घरी होतो. आमच्या अंगणात बाबांचा टीव्ही आणि पलीकडे काकांचा टीव्ही, दोन्ही मोठ्या आवाजात. दोन वेगळे चॅनेल. निकाल एकच!

इकडे बाबा म्हणाले, "बघितलंस? कोर्टानं सांगितलं, राज्यपाल चुकले! प्रतोद बेकायदेशीर! सगळं सरकारच बेकायदेशीर हाय."

तिकडून काकांचा आवाज, "ऐकलं का रं? कोर्टानं सरकार वाचवलं! राजीनामा दिला म्हणूनशान सगळं गेलं. आता बोला म्हणावं!"

दोघांच्या टीव्हीवर वकील होते, पत्रकार होते, प्राध्यापक होते. म्हणजे शिकलेलीच माणसं. कोणीही धडधडीत खोटं बोलत नव्हतं. पण एकजण निकालाचा डावा अर्धा भाग वाचत होता आणि दुसरा उजवा. मला पहिल्यांदा सरांचा कॅलिपर आठवला तो त्या संध्याकाळी.

मग मी एक काम केलं. निकाल डाउनलोड केला. शंभरावर पानं, इंग्रजी असं की आमचं थर्मोडायनॅमिक्स बरं! पण शेवटी निष्कर्ष मुद्द्यांनी दिलेले आहेत. ते डिक्शनरी घेऊन वाचले. दोन रात्री गेल्या. त्यातलं मला कळलेलं सांगतो.

कोर्ट म्हणालं, व्हिप आणि गटनेता नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. म्हणून अध्यक्षांनी शिंदे गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यता कायद्याला धरून नव्हती. (बाबांना एक मार्क.) राज्यपालांपुढे जी माहिती होती, तिच्यावरून बहुमत चाचणी बोलवणं योग्य नव्हतं. (बाबांना आणखी एक.) 'आम्ही फूट पाडली' असा बचाव आता कोणालाच घेता येणार नाही, कारण ती तरतूदच गेली. पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता राजीनामा देऊन मोकळे झाले, त्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही. (काकांना एक मार्क.) राजीनामा आल्यावर शिंदेंना सरकार बनवायला बोलावणं मात्र बरोबर होतं. (काकांना आणखी एक.) आणि अपात्रतेचा निर्णय कोर्ट स्वतः घेणार नाही, तो अध्यक्षांनी वाजवी वेळेत घ्यावा.

म्हणजे बाबाही पास, काकाही पास, पण दोघंही पन्नास टक्क्यांवर. दोघांनी उरलेल्या पन्नास मार्कांचा पेपर उघडलाच नव्हता!

पुढचं तुम्हाला माहीत आहे. निवडणूक आयोगाने त्याआधीच, १७ फेब्रुवारी २०२३ ला, नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला होता. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ ला निर्णय दिला की ५५ पैकी ३७ आमदारांचं बहुमत असलेला शिंदे गट हीच खरी शिवसेना, आणि अपात्र कोणीच नाही. ना यांचे, ना त्यांचे! १५ फेब्रुवारीला राष्ट्रवादीच्या बाबतीतही तसंच, अजित पवारांचा गट खरा आणि अपात्र कोणी नाही. आणि २०१९ साली निवडून आलेली ती विधानसभा २०२४ च्या शेवटी मुदत संपून गेलीसुद्धा. म्हणजे सबमिशनची तारीख काय, तर सेमिस्टर संपल्यावर!

इथे कोणी म्हणेल की हे सगळं एका पक्षाचं पाप आहे. थांबा. आता आपण दुसरं रीडिंग घेऊ.

जुलै २०१९. गोवा. काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये 'विलीन' होऊन टाकलं. काँग्रेस म्हणाली, लोकशाहीचा खून. भाजपवाले म्हणाले, दोन तृतीयांश आहेत, कायद्याप्रमाणे आहे. सप्टेंबर २०१९. राजस्थान. बसपच्या सहाच्या सहा आमदारांनी काँग्रेसमध्ये 'विलीन' होऊन टाकलं. आता काँग्रेस म्हणाली, कायद्याप्रमाणे आहे. आणि भाजपचे आमदार गेले कोर्टात! मध्ये फक्त दोन महिने. युक्ती तीच, कलम तेच. टीव्हीवरचे वक्ते मात्र खुर्च्या बदलून बसले.

गोव्याची तर पुढची गंमत ऐका. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, क्रॉससमोर आणि दर्ग्यात जाऊन पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जण भाजपमध्ये. तीन-तीन ठिकाणचे देव साक्षीला असून उपयोग झाला नाही, तिथे दहावी अनुसूची बिचारी काय करणार!

तिसरं रीडिंग. तेलंगणात भारत राष्ट्र समितीचे दहा आमदार काँग्रेसकडे गेल्याची तक्रार होती आणि निर्णय काही होत नव्हता. ३१ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की तीन महिन्यांत निर्णय घ्या. तिथे सत्ता कोणाची? काँग्रेसची. म्हणजे महाराष्ट्रात उशिरावर बोलणारे तिथे गप्प आणि इथले गप्प तिथे बोलके.

ही परभणीची, फार तर भारताची खोड आहे असं मला वाटायचं. आपली म्हणच आहे ना, 'जगात जर्मनी आणि भारतात परभणी'. तर आता त्यात कॅनडाही घाला!

आमच्या ब्रँचचा एक सिनियर कॅनडात मास्टर्स करतोय. आपल्या सिनियरचे फोन कसे असतात ते माहीतच आहे. आधी थंडी, मग डाळीचे भाव, मग 'इकडे ये की नको' यावर अर्धा तास. नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र त्याने फोन केला आणि हसतच सुटला. म्हणाला, "अरे, इथे पण आपल्यासारखंच चाललंय!" झालं होतं असं की ४ नोव्हेंबरला, अगदी बजेटच्या दिवशी, नोव्हा स्कॉशियाचे क्रिस डॉन्त्रमाँ हे काँग्रेस-भाजपसारख्याच तिथल्या दोन मोठ्या पक्षांपैकी कन्झर्व्हेटिव्ह पक्ष सोडून मार्क कार्नींच्या सत्ताधारी लिबरल पक्षात गेले. ३४३ च्या सभागृहात लिबरल होते १६९, बहुमताला हवेत १७२. मग एकेका माणसाला किती भाव येणार तुम्हीच बघा!

मी विचारलं, "मग त्यांची खासदारकी जाणार का?" तो म्हणाला, "छे! इथे असा कायदाच नाही."

मला खरंच आश्चर्य वाटलं. म्हणून मग जरा वाचलं. कॅनडात याला 'मजला ओलांडणं' म्हणतात, म्हणजे सभागृहात इकडच्या बाकावरून उठून तिकडच्या बाकावर जाऊन बसायचं. राष्ट्रीय पातळीवर त्याला बंदी नाही. मॅनिटोबा प्रांताने २००६ मध्ये नियम केला होता की पक्ष सोडलात तर दुसऱ्या पक्षात बसता येणार नाही, अपक्ष म्हणून बसा. पण २०१८ मध्ये तो नियमही रद्द झाला.

आणि तिथले भाष्यकार? मे २००५ मध्ये कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या बेलिंडा स्ट्रोनॅक लिबरल पक्षात गेल्या आणि लगेच मंत्री झाल्या. दोनच दिवसांनी सरकारच्या अस्तित्वाचं मतदान होतं. १५२ विरुद्ध १५२! अध्यक्षांच्या एका मताने पॉल मार्टिन यांचं सरकार वाचलं. कन्झर्व्हेटिव्ह म्हणाले विश्वासघात, लिबरल म्हणाले सदसद्विवेक. पुढच्या जानेवारीत निवडणूक झाली. व्हँकुव्हरमधून डेव्हिड एमर्सन लिबरल म्हणून निवडून आले आणि दोन आठवड्यांत, ६ फेब्रुवारी २००६ ला, कन्झर्व्हेटिव्ह सरकारात मंत्री! आता विश्वासघात म्हणायची पाळी लिबरलांची आणि देशहित म्हणायची पाळी कन्झर्व्हेटिव्हांची. नऊ महिन्यांत दोन्ही बाजूंनी आपापली वाक्यं एकमेकांना उसनी दिली.

आमच्याकडे कायदा आहे म्हणून कायद्यावरून भांडण. त्यांच्याकडे कायदा नाही म्हणून नीतीवरून भांडण. पण माणूस तोच. म्हणजे कायदा असो नसो, चष्मा उतरत नाही!

मग यावर उपाय काय? बरेच जण सांगतात की दोन्ही बाजू ऐका आणि मध्य काढा. मलाही आधी तसंच वाटायचं. दोन पेपर घ्यायचे, दोन चॅनेल बघायचे, झालं. पण इथे सरांच्या प्रॅक्टिकलचा दुसरा अर्धा भाग आठवा. ०.०६ प्लस आणि ०.०६ मायनस असेल तर सरासरी काढून काम भागेल. पण दोन्ही कॅलिपर एकाच बाजूला चुकत असतील तर? दोघांचं रीडिंग जुळेल, तुम्ही खूश व्हाल, आणि जॉब रिजेक्ट होईल! म्हणून सरांनी त्या दिवशी एक लाकडी डबी उघडली होती. आत तेल लावून ठेवलेले चकचकीत पोलादी ठोकळे, स्लिप गेज. म्हणाले, "हत्यार हत्याराशी ताडून बघू नका. याच्याशी ताडून बघा."

आपल्या विषयात दोन्ही कॅलिपर एकाच बाजूला कुठे चुकतात माहीत आहे? अध्यक्षांच्या बाबतीत! पक्षातून निवडून आलेल्या माणसाने पक्षांतराचा निवाडा करावा का, हा मूळ प्रश्न. २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की असे निर्णय साधारण तीन महिन्यांत व्हावेत आणि यासाठी स्वतंत्र लवाद आणायचा संसदेने विचार करावा. किती चर्चांमध्ये तुम्ही हे ऐकलंत? मी तर क्वचितच ऐकलं. कारण आज जो विरोधात आहे त्याला वाटतं की उद्या अध्यक्ष आपलाच असणार आहे. सत्तेतल्याला तर आजच सोय आहे. मग बोलणार कोण? दोन्ही बाजू ज्यावर भांडतात ते आपल्याला ऐकू येतं. दोन्ही बाजू ज्यावर गप्प असतात ते ऐकू येत नाही. ते फक्त मूळ कागद वाचल्यावर दिसतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. बाजू घेणारे भाष्यकार नकोतच, असं माझं म्हणणं नाही. झीरो एरर आहे म्हणून सरांनी कॅलिपर फेकू दिला नव्हता. उलट, विरोधकाची चूक बारकाईने शोधावी ती बाजू घेणाऱ्यानेच! राज्यपालांचं कुठे चुकलं ते बाबांच्या चॅनेलने मला सांगितलं आणि राजीनाम्याने काय बिघडलं ते काकांच्या चॅनेलने. कोर्टात तरी काय होतं? दोन वकील दोन बाजू ओढतात. पण न्यायाधीश शेवटी कायदा उघडतात. आपण मात्र आपल्याला आवडणाऱ्या वकिलाचं ऐकतो आणि निकाल देऊन घरी जातो!

म्हणून आम्ही रूमवर एक खेळ सुरू केलाय. राजकारणावरचा कुठलाही लेख वाचताना सगळी नावं पेन्सिलने खोडायची आणि क्ष, य लिहायचं. 'क्ष पक्षाच्या दोन तृतीयांश आमदारांनी य पक्षात प्रवेश केला.' आता सांग, बरोबर की चूक? आधी उत्तर वहीत लिहायचं आणि मग नावं बघायची. पहिल्या आठवड्यात आम्हा चौघांपैकी चारही जण नापास झालो. मीसुद्धा! राजस्थान ओळखता आलं नाही म्हणून मी त्याला चूक म्हणालो, आणि नाव कळल्यावर माझ्याच तोंडात 'पण तिथली परिस्थिती वेगळी होती...' असं वाक्य आलं. त्या दिवशी माझा स्वतःचा झीरो एरर मला कळला. किती आणि कुठल्या बाजूला, ते इथे सांगत नाही, वहीत लिहून ठेवलाय.

असो. शेवटचं सांगतो आणि थांबतो.

यंदा संक्रांतीला घरी गेलो होतो. आजीने हट्ट धरला की तिळगूळ दोघांनी माझ्यासमोर एकमेकांना द्यायचा. काका आले, ओसरीच्या टोकाला बसले. बाबा दुसऱ्या टोकाला. मध्ये आजी. तिळगूळ दिला-घेतला, पण 'गोड बोला' म्हणायला कोणी तयार नाही. मी दप्तरातून कागद काढले. निकालाचे ते निष्कर्ष मी मराठीत लिहून ठेवले होते, सरळ साध्या भाषेत, आणि नावाच्या जागी क्ष, य. म्हणालो, "पाच मिनिटं ऐका. मधे बोलायचं नाही."

वाचत गेलो. प्रतोदाचा मुद्दा आला तेव्हा काकांनी मान खाली घातली. राजीनाम्याचा मुद्दा आला तेव्हा बाबा छताकडे बघायला लागले. वाचून संपलं. बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग काकाच म्हणाले, "दादा, हे अर्धं तर आमच्या टीव्हीवर आलंच न्हाई."

बाबा म्हणाले, "आमच्याबी."

बस्स. एवढंच झालं. मिठी वगैरे काही मारली नाही, सिनेमात मारतात तशी. बाबांचं मत तेच आहे, काकांचंही तेच आहे, येत्या निवडणुकीत दोघं दोन बटणं दाबणार हे नक्की. पण त्या दिवशी काका चहा घेऊन गेले. आणि परवा आईचा फोन आला होता. म्हणाली, मोटारीच्या पाळीचं आता दोघं एकमेकांनाच सांगतात, तुझी नोकरी गेली!

मित्रांनो, आपण चार वर्षं मोजायलाच शिकतो. मायक्रॉनपर्यंत मोजतो. पण जो कायदा आपलं सरकार बनवतो आणि पाडतो, तो मात्र दुसऱ्याच्या डोळ्याने वाचतो. या परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर काय घडलं ते आपण डिसेंबर २०२४ मध्ये पाहिलं. हे पुस्तक इथल्या किती लोकांच्या काळजाचं आहे, ते मी वेगळं सांगायला नको. त्या पुस्तकाची मराठी प्रत मिळते. दहावी अनुसूची त्यात अवघी काही पानांची आहे. एका चहाच्या वेळात वाचून होते.

वाचा. मग खुशाल भांडा! पण आधी जबडे बंद करा आणि झीरो एरर बघा.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी